ऊन

पहाटे साडेचारला अब्बा विचारतात,
“तस्लीम, ऊन हाय का गं?”
मालगावात अजून कोंबडा आरवलेला नसतो.
पत्र्याच्या शेडमध्ये एक पिवळा बल्ब,
आणि मी साळुंकीच्या पुढच्या पायांपाशी उकिडवी,
तळवा तिच्या नळीवर.
नवखा माणूस आभाळाकडं बघेल.
मी म्हणते, “न्हाय. गार हाय. उजवा पण गार.”
मग ते पुढचा श्वास घेतात.

साखरेनं त्यांच्या बोटांतली जाण नेली,
त्याला आता दोन वर्षं झाली.
चहाचा पेला भाजला तरी कळत नाही,
सदऱ्याची बटणं लावतात आरशात बघून.
याच बोटांनी तीस वर्षं घोड्यांचे पाय वाचले.
खूर उचलायच्या आधी सांगायचे,
कुठल्या वरातीत, कुठल्या डांबरावर
ही तासभर जास्त नाचलीये.

आता बोटं माझी.
खरारा मानेपासून, केसांच्या ओघानं,
पोटाखाली हलका, तिथं तिला गुदगुल्या होतात,
माशी बसावी तशी कातडी थरथरते.
मग आकडी घेऊन खूर, टाचेकडून नखाकडं,
पुतळीला धक्का न लावता.
परवा निघालं ते असं:
एक खडा,
चपटं झालेलं बाटलीचं झाकण,
गुलाबी चमकीचा कागद.
हरभरा रात्रभर भिजलेला. एक दाणा आधी मी चावते, मग ती.
लीद मोडून बघते, वास घेते,
कॉलेजातल्या पोरींना हे सांगत नाही.
मग कान तिच्या बरगडीमागं.
आत लांबून ट्रॅक्टर येत असतो.
अब्बा म्हणतात, घोड्याचं पोट बोलतंय तोवर झोपावं,
गप्प झालं की जागावं.

कवठ्याची सुपारी होती गुरुवारी.
हलगीवर नाच, शेवटी बाजेवर चारी पाय.
पंधरा हजार, त्यातले पाच आगाऊ,
आणि ते पाच दवाखान्यात गेलेले,
घोडीच्या नव्हे, अब्बांच्या.

“ऊन हाय का गं?”

माझा तळवा डाव्या नळीमागच्या शिरेवर थांबला.
किती म्हणू?
चहा पिऊन झाल्यावर
कपाला उरते तेवढी.
ती लंगडत नव्हती. हरभरा संपवला होता.
नवरदेवाला काय कळणार, हलगीवाल्याला काय,
आणि आता तर अब्बांनाही नाही.
अख्ख्या मालगावात ते माहीत असलेलं
मी एकच माणूस.

“काय गं?”
ते माझ्याकडं बघत नव्हते,
साळुंकीच्या कानांकडं बघत होते.
मी “गार हाय” म्हणायला तोंड उघडलं,
तेवढ्यात तिनं त्या पायावरचा भार
दुसऱ्या पायावर घेतला, सावकाश,
कुणाला कळू नये असा.

“ऊन हाय,” मी म्हटलं. “डावा. थोडा.”

अब्बांनी फोन काढला,
बोटांना नंबर लागेना, मी लावून दिला.
कवठ्याचा माणूस जे जे बोलला
ते त्यांनी फोन कानापासून वीतभर लांब धरून ऐकलं.
मलाही ऐकू आलं सगळं.
“देतो की,” एवढंच म्हणाले. “हप्त्यानं देतो.”

मग बोअरचं गार पाणी, बादलीत पाय,
वीस मिनिटं, तिनं दोनदा बादली सांडली,
मग आंबेहळदीचा लेप, मग पट्टी.
पट्टी घट्ट नको, दोन बोटं आत जायला हवीत,
हे मला लहानपणापासून पाठ.
तरी ते वाकले, गुडघ्यावर हात ठेवून,
आपली दोन बोटं पट्टीत सारली
आणि माझ्याकडं बघून विचारलं,
“जातायत का?”

“जातायत,” मी म्हटलं.
साळुंकी रिकामा तोबरा चाटत होती.